पांढऱ्या बुटाची नाडी

“मग तुम्ही रडलात कशाला?”

नाना माझ्या बुटांकडे बघत होते.

“नाना, मी तुम्हाला विचारतोय. काल मैदानावर तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या फोटोत ते स्पष्ट दिसतंय. कशाला आलं?”

“उजवी टाच झिजलीया,” नाना म्हणाले. “म्हंजे वाळिंबे साहेबच. मगाशी आवाजावरनं वाटलं हुतं, पर टाच बघितल्याबिगर खात्री न्हाई.”

“तोंडाकडे बघून नाही का ओळखत?”

“त्याची सवय न्हाई.”

हे हवालदार रंगराव शेडगे. वय ऐंशीच्या घरात. भैरववाडीत सगळे त्यांना रंगूनाना म्हणतात. एकाहत्तरच्या लढाईत ते सुरुंग उचलणाऱ्या तुकडीत होते. शत्रूनं जमिनीत पुरलेले सुरुंग हातानं शोधायचे, उचलून बाजूला काढायचे आणि मागून येणाऱ्या पायदळाला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम.

नाना चालताना मान वर करत नाहीत. गावात नाही, देवळात नाही, स्वतःच्या लेकीच्या लग्नातही केली नाही. त्यावर मी एकदा माझ्या सदरात लिहिलं होतं. ‘मान खाली घालून चालणारी ती विनम्र पिढी.’ वाचकांची खूप पत्रं आली होती.

सदराचं नाव ‘तोंडावर’. दर रविवारी. वीस वर्षं चालू आहे. ज्याला बोलायचं त्याला तोंडावर बोलायचं, एवढंच त्याचं धोरण.

या रविवारी मी एका मुलीला बोलणार होतो.

आदल्या दिवशी सोळा डिसेंबर होता, विजय दिवस. शाळेच्या मैदानात स्मारकासमोर दोन मिनिटांचं मौन होतं. या गावातून कधीकाळी साठ जण लढाईवर गेले होते, त्यांतले पाच उरलेत. पाचही जण खुर्च्यांवरून उठून उभे राहिले होते. आणि त्या मौनात मैदान तिरपं ओलांडत तेजल बाबर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी निघून गेली. हातात मोबाईल, डोळे मोबाईलमध्ये आणि चेहऱ्यावर हसू. चारशे माणसं मान खाली घालून उभी आहेत, याचा तिला पत्ताच नव्हता.

मीही मान खाली घातली होती. मला ते नंतर आमच्या फोटोग्राफरनं दाखवलं.

फोटोत पुढे ती मुलगी, हसणारी. मागे पाच म्हातारे. चौघांच्या माना खाली. एकाची वर. ते नाना. ते तिच्याकडे बघतायत आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहतंय.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका बोलका फोटो मी पाहिला नव्हता.

मथळाही तयार होता. ‘यांच्यासाठी मेले का ते?’

सरपंचांनी सोमवारी ग्रामसभा लावली होती. तेजलनं सगळ्यांसमोर माफी मागायची, असं ठरत होतं. सरपंच मला म्हणाले होते, “नाना एक शब्द बोलले की झालं. मग कुणी आडवं येणार नाही.”

मलाही एकच वाक्य हवं होतं. दुपारी चारच्या आत.

“चौघांकडे जाऊन आलो,” मी म्हणालो. “सगळे बोलले.”

“काय म्हणाले?”

“सुभेदार म्हणाले, आमच्या वेळी असं नव्हतं. दोघं म्हणाले, लाज राहिली नाही.”

“आन् चौथा?”

“...ते गुडघ्याबद्दल बोलले.”

नाना हसले. “त्योच खरं बोलला.”

मी मोबाईल काढून फोटो त्यांच्यासमोर धरला.

नानांनी तो दोन्ही हातांत घेतला. पाण्यानं भरलेली वाटी घ्यावी तसा. बराच वेळ बघत राहिले.

“हसतीया व्हय ती?”

“हसतेय! तेच तर. मौन चालू असताना.”

“काल ते नीट दिसलं न्हवतं मला. डोळ्यांत पाणी हुतं.” त्यांनी फोटो आणखी जवळ घेतला. “...हसतीया.”

“वर मथळा असेल, ‘यांच्यासाठी मेले का ते?’”

नानांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

“मग कुणासाठी मरायचं हुतं, साहेब?”

मला वाटलं, ते चिडून बोलतायत. मी वही उघडली.

“हेच, नाना. हेच पुढे बोला. तुम्ही अठराव्या वर्षी घर सोडलं. उपाशी राहिलात, बर्फात झोपलात. आणि ही पोरं! यांना रस्ता ओलांडताना पुढे काय आहे ते दिसत नाही. चालताना मोबाईल, जेवताना मोबाईल, मयतीला मोबाईल. तुमच्या पिढीत जिद्द होती, शिस्त होती, त्याग होता...”

“पैल्या दिवशी माझी प्यांट वली झाली हुती.”

“...काय?”

“सुरुंगाच्या रानात पैल्यांदा पोटावर सरकलो, तवा. शेजारचा बबन रडत हुता. आईला हाका मारत हुता. मी आधी वकलो, मग प्यांटीत मुतलो. हे लिवणार?”

मी पेन खाली ठेवलं.

“लिवणार का न्हाई?”

“नाही, नाना. हे कसं लिहिणार?”

“मग कुठल्या पिढीचं लिवताय तुम्ही?”

आतून हौसाबाई बाहेर आल्या. नानांच्या पत्नी. हातात पाण्याचा तांब्या होता. वय झालं तरी ताठ बाई. त्यांना आमचं सगळं बोलणं ऐकू गेलं असणार.

“काल सांजच्याला तिची आई आलती,” त्या मला म्हणाल्या. “तेजलची. ह्यांच्या पायावर डोकं ठिवून गेली. म्हणली, नाना, माझ्या पोरीला सांभाळा. पेपरात तोंड आलं तर कालिजात जायची न्हाई ती.”

“मग नाना काय म्हणाले?”

“काय म्हणत्यात? तिच्या चपलीकडं बघत बसले. ती रडत गेली.”

“चपलीचा अंगठा शिवलेला हुता,” नाना म्हणाले. “काळ्या दोऱ्यानं.”

“वहिनी, मुलीनं चूक केलीय,” मी म्हणालो. “कुणीतरी कान धरायला नको?”

“धरंल की तिची आई. त्याला पेपर कशाला पायजे?”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वाद मला नानांशी घालायचा होता.

“नाना, सरळ विचारतो. ही पोरं तुमच्या पावलावर पाऊल ठेवतील, असं वाटतं तुम्हाला?”

नानांनी पहिल्यांदा मान किंचित हलवली.

“पावलावर पाऊल,” ते म्हणाले. “तुम्ही ठिवून बघितलंय कधी?”

“म्हणजे?”

“उठा.”

घरामागे मोकळं वावर होतं. कांद्याची रोपं लावायची म्हणून आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवलेलं. माती मऊ, काळी, ओली. नाना वहाणा काढून त्यात उतरले.

“मागनं या. माझ्या ठशातच पाय ठिवायचा. ठशाभाईर पडला तर मेलासा, असं समजा.”

“नाना, माझे बूट...”

“बूट ऱ्हातील. पायाचं बघा.”

ते चालू लागले. मी मागे.

पहिली चार-पाच पावलं मी हसत टाकली. त्यांचा पाय लहान, माझा मोठा. बूट ठशात बसेना. मग मी चवड्यावर चालू लागलो. नाना सरळ जात नव्हते. मध्येच डावीकडे, मध्येच लांब ढांग. एका ठिकाणी मी तोल सावरायला हात पसरले. घाम आला. डिसेंबरात.

“थांबा,” नाना म्हणाले. “किती झाली?”

“तीस असतील.”

“काय काय बघितलं?”

“तुमचे ठसे.”

“आनि?”

“...तुमचे ठसे.”

“बांधावर कोण हाय?”

मी वर बघितलं. बांधावर हौसाबाई उभ्या होत्या. हातात चहाचे दोन कप.

“दोनदा हाक मारली,” त्या म्हणाल्या. “बहिरं झालासा व्हय?”

मला एकही हाक ऐकू आली नव्हती.

“तीस पावलं झाली तुमची,” नाना म्हणाले. “माझी पन्नास वर्सं झाली, साहेब. वर दोन-तीन.”

ते वावरातून सरळ चालत बांधाकडे गेले. मी तिथेच उभा होतो. माझ्या लक्षात आलं की मीही सरळ चालत जाऊ शकतो. तरी पहिला पाय उचलायला वेळ लागला.

आम्ही बांधावर बसलो. चहा कोमट झाला होता.

“मान खाली घालून चालता, ते विनयानं नाही तर,” मी म्हणालो.

“इनय?” हौसाबाई मध्येच म्हणाल्या. “लगीन झालं तवा सा म्हैनं माझं तोंड बघितलं न्हवतं ह्यांनी. पायातली जोडवी बघून वळखायचे. मी म्हणायची, जोडवी बदलली तर दुसरीच बाई घरात आली म्हणून हाकलतील मला!”

नाना हसले. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत.

“लेक चालाय लागली,” त्या म्हणाल्या, “तर हे तिच्याफुडं रांगायचे. हातानं भुई चाचपत. घरातली शेणानं सारवलेली भुई! मी इचारलं, काय करताय? म्हणले, तू चूल बघ.”

नाना कपाकडे बघत होते.

मी वीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य आठवत होतो. ‘विनम्र पिढी.’ वाचकांनी कात्रणं काढून ठेवली होती.

“काम कसं करायचात, नाना?” मी विचारलं. वही उघडली नाही.

“पोटावर निजायचं. लोखंडी सळई हातात. तिरकी धरायची. सरळ खुपसली तर संपलं. चार बोटं जागा बघायची, मग फुडची चार बोटं. टणक लागलं की थांबायचं. बोटांनी माती काढायची. फुंकर घालायची... हळू. मग त्याला उचलायचं. जागा साफ झाली की दोन्ही बाजूंनी पांढरी फीत वढायची. फितीच्या आतनं मागचे येणार.”

“किती वेळ लागायचा?”

“हितनं त्या आंब्यापातूर? एक रात. जलम वाटायचा.”

आंबा पन्नास पावलांवर होता.

“कुणी शिकवलं?”

“उस्तादानं.”

लष्करात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. नानांचे उस्ताद हुसेन मुल्ला, मिरजेकडचे. नानांनी हे नाव घेताना कप खाली ठेवला.

“उस्ताद काय म्हणायचे?”

“म्हणायचे, रंगा, सुरुंग कुणीबी उचलंल. आपलं काम त्ये न्हवं. मागनं येणारा माणूस खाली बघत चालला, तर समज आपलं काम कच्चं. त्यो वर बघत गेला पायजे. बिडी वढत, गप्पा मारत, बायकोची याद काढत गेला पायजे. पायाखाली काय हाय, ह्येची त्याला सुदच नसली पायजे. तसा एक जरी दिसला, तर मला येऊन रिपोर्ट दे. ‘उस्ताद, रस्ता साफ.’ तवर न्हाई.”

“मग दिलात?”

नानांनी बोटानं बांधावरची माती उकरली. वाऱ्यानं आंब्याची पानं हलली.

“पैली वाट आम्ही रातभर केली. गव्हाचं रान हुतं. बोटभर कोंब आलते. उजाडायच्या टायमाला पायदळ आलं. मी फितीच्या कडंला तोंड खाली करून पडलेलो. नुसते बूट दिसत हुते. मोजले मी. एकशे ईस जोड्या. एकबी बूट फितीभाईर गेला न्हाई. एकाला खरचाटलंबी न्हाई.”

“मग?”

“पळत उस्तादाकडं गेलो. म्हटलं, उस्ताद... तर हात वर करून थांबवलं मला. म्हणले, वर बघत कोण गेला?”

“आणि?”

“कोणच न्हाई. एकशे ईस जणं, माना खाली. सगळ्यांचे डोळे मातीत. उस्ताद म्हणले, पाय वाचले रंगा. रिपोर्ट ऱ्हाऊ दे. उद्या परत बघू.”

“दुसऱ्या दिवशी?”

“तसंच.”

“तिसऱ्या?”

“तिसऱ्या दिवशी उस्ताद गेले.”

हौसाबाईंनी रिकामे कप उचलले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

“माझ्यापास्नं एक हातावर हुते,” नाना म्हणाले. “सळई त्यांच्या हातात हुती. हात... ऱ्हाऊ दे.”

मी पस्तीस वर्षं माणसांना बोलतं करत आलोय. समोरचा गप्प झाला की कोणता प्रश्न टाकायचा, ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी तो टाकला नाही.

शेवटी नानाच म्हणाले, “रिपोर्ट ऱ्हायला.”

“कुणाला द्यायचा आता?”

“देनं न देनं फुडचं. द्यायसारखं दिसाय तर पायजे. घरी आलो. तवापास्नं बघतोय. लोकांचे पाय बघतो, मग डोळे कुठं हायत ते बघतो. आमच्यातला जो जो परत आला, त्यो खाली बघूनच चालतो. सुभेदार बघा. त्यो गुडघेवाला बघा. आमचं बघून आमची पोरं तशीच. माझी लेक तशीच.”

“पोरींना तर सगळे त्येच सांगत्यात,” हौसाबाई म्हणाल्या. “खाली मान घालून चाल. मलाबी सांगितलं. मी लेकीला सांगितलं.”

“पण नाना, त्या मुलीचीही मान खालीच होती!” मी म्हणालो. माझा आवाज वाढला होता. तो खाली आणायला हवा होता, पण वाद घालायची खोड जाता जात नाही. “मोबाईलमध्ये खुपसलेली मान. त्यात काय मोठं आहे?”

“परत दावा फोटू.”

मी दिला.

“मान खाली हाय,” नाना म्हणाले. “डोळे कुठं हायत?”

मी बघितलं. डोळे हातातल्या मोबाईलवर होते.

“भुईवर हायत का?”

“...नाही.”

“काल काय झालं, सांगतो. मौन झालं सुरू. सगळ्यांबरुबर मीबी मान खाली घातली. मला काय, ती खालीच असती. तर समोरनं बूट आले. पांढरे. कापडी. उजव्या बुटाची नाडी सुटलेली. लांब. भुईवर लोळत हुती. माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, आता अडखळंल... आता बघंल खाली... आता बघंल.”

त्यांनी दोन बोटं बांधावर चालवून दाखवली.

“बघितलं न्हाई तिनं. नाडीवर पाय पडला तिचा. तरी बघितलं न्हाई. तशीच गेली. मला कळंना, ह्ये कुणाचे पाय असं चालत्यात? म्हणून मान वर केली.”

“पन्नास वर्षांनी.”

“व्हय.”

“आणि?”

“आनि हे.” त्यांनी बोटानं मोबाईलच्या काचेवर त्या मुलीच्या चेहऱ्याला स्पर्श केला. फोटो एकदम मोठा झाला, तिचे दात दिसू लागले. नाना दचकले, मग हसले.

मी मोबाईल परत घेतला. फोटो खाली सरकवला. बुटांपर्यंत आणला.

नाडी सुटलेली होती. पांढरी, मातीनं मळलेली, सापाच्या पिल्लासारखी मागे ओढत आलेली.

तो फोटो मी चाळीस वेळा तरी बघितला असेल. कशात काय दिसतं ते ओळखण्याचाच मला पगार मिळतो. ती नाडी मला एकदाही दिसली नव्हती.

“ती काय बघत होती मोबाईलमध्ये, विचारलंत का कुणी?” मी विचारलं. “काहीतरी महत्त्वाचं असेल कदाचित. कुणाचा निरोप. निकाल.”

“कशाला पायजे महत्त्वाचं?” नाना म्हणाले. “माकडाचा खेळ बघत असंल. बघू दे की.”

“पण ते मौन होतं, नाना. मेलेल्यांसाठी.”

“मौन आमचं हुतं. तिचं न्हवतं.”

“चूक तरी म्हणाल की नाही?”

“चुकलीच. मौन मोडलं तिनं. मीबी सांगीन तिला, घरी बोलवून. चा पाजून.” मग त्यांनी बोट वर केलं. “नाडी बांध म्हणून मातुर सांगणार न्हाई.”

हौसाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. मग डोळे पुसायला लागल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

चार वाजत आले होते. खिशातला मोबाईल थरथरत होता. कचेरीतून फोन. पानावर जागा मोकळी ठेवली होती, मजकूर यायचा होता.

मी वही काढली. मथळ्यावर रेघ मारली. चौघांच्या वाक्यांवर मारली. मग पानभर लिहिलेल्या माझ्या वाक्यांवर. त्यांत जिद्द होती, शिस्त होती, त्याग होता. पेनचं टोक कागदातून आरपार गेलं.

“सरपंचांना काय सांगू?” मी विचारलं.

“सोमवारी मी येतो म्हणावं. तिच्या शेजारी बसतो. बघू कोण माफी मागाय लावतंय.”

“आणि फोटो?”

“छापणार हुतासा न्हवं?”

“आता नको वाटतंय.”

“का? चांगला हाय फोटू. तिचं तोंड तेवढं नको दिसाय, तिची आई घाबरती. पाय छापा. नाडी दिसू द्या.”

“नुसते पाय?” मी म्हणालो. “नाना, लोकांना काय कळणार? खाली काहीतरी लिहावं लागेल. कोण, कुठलं, कशाचं.”

“लिवा की.”

“काय लिहू? तुम्ही सांगा. एकच वाक्य.”

नाना उठले. पायात वहाणा नव्हत्याच. मघाच्या त्या ओल्या वावराकडे त्यांनी पाठ केली. मग सावकाश, मान वर करून, समोरच्या आंब्याकडे बघत एक पाऊल टाकलं.

पायाच्या बोटांनी भुई चाचपली, मग टाच टेकवली.

दुसरं टाकलं. खाली बघितलं नाही. टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि समोर कुणी उभं असावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

“उस्ताद... रस्ता साफ.”